वेळेआधी उठवलेला घट

गेवराईच्या पुढे गोदाकाठी हिवरटाकळी म्हणून गाव आहे. गावात देवळं चार आणि पुढारी त्याहून जास्त; पण नवरात्र आलं की गाव ज्या घराकडे डोळे लावून बसायचं ते घर खालच्या गल्लीतल्या सत्यभामाकाकूंचं. नदीच्या बाजूने पहिली लागते म्हणून ती खालची गल्ली. काकू या घरात मोहनरावांची बायको म्हणून आल्या. पुढे पुढे मात्र मोहनरावांचीच ओळख ‘घटवाल्या काकूंचे मालक’ अशी होऊन बसली, आणि वरवर कितीही फणकारले तरी मोहनरावांना ती मनातून आवडायची. माणूस ग्रामपंचायतीला दोनदा पडलेला होता. घरात देवीने लक्ष घातलंय म्हटल्यावर तिसऱ्यांदा निवडून आला.

तसा काकूंचा घट काही जगावेगळा नव्हता. घरोघर असतो तसाच. वेळूची दुरडी, तिच्यात स्वतःच्या रानातली काळी माती, मातीत पेरलेले गहू, ज्वारी, हरभरा, मधोमध पाण्याने भरलेलं मडकं, त्यावर विड्याची पानं नि नारळ. शेजारी अखंड दिवा आणि वरून रोज सोडलेली एक माळ. एकदा घट बसला की तो उठेपर्यंत जागचा हलवायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घर सारवायचं झालं तर घटाच्या भोवतीने सारवतात. काकू त्याच्याही पुढे जायच्या. त्या स्वतःच घटापाशी बसायच्या. देवघरातच घोंगडीवर झोपायच्या, पायात चप्पल घालायच्या नाहीत आणि नवरात्र सरेपर्यंत अंगणाबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. मागणं एकच असायचं: आई, घरात पाणी येऊ देऊ नको. नदीकाठच्या बाईने दुसरं काय मागावं?

आणि देवीने ते एकदा ऐकलं होतं. निदान गाव तसं म्हणतं.

त्याला वीसेक वर्षं झाली. परतीचा पाऊस असा लागला की थांबायचं नाव घेईना. वरच्या धरणाची दारं उघडली आणि गोदावरी खालच्या गल्लीत शिरली. घरातले सगळे काकूंना उठा उठा म्हणून थकले. त्या घटापासून हलल्या नाहीत. पाणी अंगणाच्या पायरीला लागलं, पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली, आणि उजाडता उजाडता थांबलं. मग बघता बघता उतरायला लागलं. काकूंनी घटाच्या जोरावर गोदावरी परतवली, अशी बोंब तासाभरात गावभर झाली. हलगी वाजली. बायका ओटी भरायला रांग लावून आल्या. त्या दिवशी काकूंच्या पाया पडायला त्यांची सासूसुद्धा निघाली होती, तिला दोघींनी धरून बसवलं.

त्या दुपारी भामाबाई कामाला आली नाही. भामाबाई काकूंच्या रानात खुरपायला यायची, वयाने त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान. बौद्ध वस्ती तेव्हा गावाच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या काठी होती. तुंबलेल्या पाण्याने पहाटे ओढ्याचा बांध फोडला, सगळा लोंढा वस्तीकडे धावला, आणि इकडे खालच्या गल्लीतलं पाणी उतरलं. भामाबाईची आम्रपाली त्या लोंढ्यात गेली. दुसरीत होती. गल्लीत हलगी वाजत होती तेव्हा वस्तीतली माणसं ओढ्याकाठच्या बाभळींत पोरीला शोधत होती. काकूंना हे समजलं तेव्हा त्यांच्या मांडीवर ओटीचे नारळ होते.

त्या दिवसापासून काकू तिला ‘भामे’ म्हणायचं सोडून ‘भामाबाई’ म्हणू लागल्या. एवढंच काय ते केलं. दुसरं काही बोलायला त्यांची जीभ उचलली नाही. भामाबाईही बोलली नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा खुरपं घेऊन आली आणि दोघी एकाच पातीला शेजारी शेजारी बसून काम करू लागल्या. वस्ती वर गायरानात हलली, तिथे घरकुलं झाली, विहार झाला, त्याला लागून मोठा हॉल झाला. भामाबाईचे केस पांढरे झाले. आम्रपालीचं नाव मात्र तिने काकूंच्या देखत कधी काढलं नाही.

काकूंचा देवीवर विश्वास नव्हता असं कुणी समजू नये. विश्वास होता, आणि तोच त्यांना आतून खात होता. पाणी देवीने आपल्या दारातून मागे फिरवलं असेल, तर मग ते वस्तीत कुणी पाठवलं? हे विचारायचं कुणाला? मोहनरावांना विचारून काय होणार होतं? तो भला गृहस्थ म्हणाला असता, तू नसत्या गोष्टी डोक्यात घेऊ नको, चहा टाक.

गल्लीला असले प्रश्न पडले नाहीत. तिने एक सोपी रीत लावून घेतली. नवरात्रात नदीला पाणी वाढलं की माणसं नदीकडे बघायचीच नाहीत, काकूंच्या दाराकडे बघायची. काकू बसल्यात ना? बसल्यात. मग झालं. लोक बिनघोर झोपायचे, आणि आत काकू टक्क जाग्या असायच्या.

गेल्या वर्षीच्या पुराआधी लक्षणं काही चांगली नव्हती. कापसाची बोंडं झाडावरच काळी पडली होती आणि सोयाबीनच्या शेंगांना उभ्या पिकात कोंब फुटले होते. विहिरी इतक्या भरल्या की काठावर बसून तांब्याने पाणी घ्यावं. नदीकाठची जनावरं, म्हणजे साप, गल्लीत यायला लागली; रतनबाईच्या चुलीमागे एक निघालं, न्हाणीत एक. नदीकडून मधूनच धप्प असा आवाज यायचा. काठाची दरड कोसळली की तसा आवाज येतो. पहिल्यांदा लोक दचकले, मग सवय झाली. घटातलं धान मात्र पिवळंधमक आणि वीतभर वाढलं होतं. ते बघायला बायका येत होत्या आणि औंदा रब्बी लई जोरात म्हणून जात होत्या. काकू त्या धानाकडे बघायच्या आणि त्यांना ते आवडायचं नाही. इतक्या घाईने वर येणारं काहीही त्यांना आवडेनासं झालं होतं.

सहाव्या माळेच्या दिवशी दुपारी भोंग्याची रिक्षा आली. धरणातून आणखी पाणी सोडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं, असं सांगत ती गल्लीतून गेली आणि चिखलात चाक रुतू नये म्हणून लगबगीने परतली. जागचं कुणी हललं नाही. समोरच्या घरातली रतनबाई नातीला काखेत मारून दारात आली आणि काकूंच्या अंगणाकडे बघून मोठ्याने म्हणाली, “काकू बसल्यात ना? बसल्यात की. मंग भोंग्याला काय ऐकायचं?” तिचा नवरा सुग्रीव बाजेवर आडवा झाला.

काकूंचा मुलगा आदिनाथ मात्र भिजून घरात आला. “दादा, मी ट्रॅक्टर लावतो. आईला घेऊन वर जाऊ.”

“गप बस बे,” मोहनराव म्हणाले. “तुझी आई उठली तर सगळी गल्ली उठंल. मंग पानी न्हाई आलं तर तोंड कुठं दाखवायचं? आपल्या घराची काई इज्जत हाय का न्हाई?”

इज्जतीची एवढी चाड असलेल्या मोहनरावांनी सून नि नातवंडं मात्र सकाळीच बीडला पोचवली होती. गुपचूप, मागच्या दाराने, लेकराला दवाखान्यात दाखवायचंय म्हणून. रतनबाईच्या नातवंडांचं त्यांच्या मनात आलं नाही. काकूंच्या आलं. सकाळपासून तेच येत होतं आणि त्या दिव्यात तेल घालत बसल्या होत्या.

तेवढ्यात भामाबाई आली. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. या घरात ती ओसरीच्या आत कधी आली नव्हती. आधी कुणी येऊ देत नव्हतं, आणि नंतर येऊ द्यायला लागले तेव्हा तिने ठरवून येणं टाळलं. आज ती सरळ देवघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, उठा.”

“कशी उठू, भामाबाई? घट बसलाय.”

“घट बसू द्या. तुमी उठा. ओढा उलटा फिरायला लागलाय. नदीचं पानी ओढ्यातनं वर यायलंय. मागच्या वक्ताहून लई हाय.”

“भामा, तू जा बगू,” ओसरीवरून मोहनराव म्हणाले. “सणावाराचं वंगाळ बोलू नगं. मागल्या टायमाला बी असंच म्हनत व्हते. परतलंच की पानी.”

भामाबाईने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग तिने डोक्यावरची खोळ काढली आणि भिंतीशी ठेवली.

“परतलं न्हाई, मालक. आमच्याकडं आलतं.”

भामाबाई उंबऱ्याशी आणखी पुढे सरकली.

“बाई, तुमी हितं बसल्या व्हत्या, आन् तिकडं माझी आम्रपाली गेली. तुमच्या देवीनं तुमच्या दारातलं पानी उचललं आन् माझ्या दारात टाकलं. तुमी वटी भरून घेत व्हत्या तवा आमी बाभळीत हात घालून तिला हुडकत व्हतो. औंदा कुनाच्या दारात टाकायला बसल्या?”

काकूंचा चेहरा उतरला नाही, त्या रडल्याही नाहीत. उलट कुणीतरी त्यांच्या पाठीवरचं ओझं नेमकं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं असं त्यांना वाटलं. वीस वर्षं जे त्या स्वतःला म्हणत आल्या होत्या, तेच शब्दाला शब्द ही बाई बोलत होती. म्हणजे ते खरंच होतं. देवी ऐकते. आपण बसलो तर ती आजही ऐकेल, आणि पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल. कुणाच्या, ते उद्या दुपारी कळेल.

त्या भिंतीला धरून उठल्या. गुडघे आखडले होते. वरची माळ त्यांनी सोडवली, नारळ पदरात घेतला आणि दुरडीखाली दोन्ही हात घातले.

“सत्यभामा!” मोहनराव ओरडले. “ठिव खाली! सहावी माळ हाय आज. येडी झालीस का?”

“सरका,” काकू म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला हा शब्द कधी वापरला नव्हता. मोहनराव सरकले, रागाने नव्हे, भीतीने. घटाला धक्का लागायला नको म्हणून.

भामाबाईने दिवा उचलला. काकू तिच्याकडे बघायला लागल्या, कारण भामाबाई देवाधर्माच्या वस्तूला हात लावायची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. “दिवाच हाय,” भामाबाई म्हणाली. “तेल-वातीला काई देव चिकटला न्हाई. चला बिगीनं.” तो दिवा गल्लीच्या वळणापर्यंतसुद्धा टिकला नाही.

काकू डोक्यावर दुरडी घेऊन भर पावसात अंगणाबाहेर आल्या आणि गल्लीत जी हाय खाल्ली लोकांनी, ती भोंग्याने शंभर फेऱ्या मारल्या असत्या तरी खाल्ली नसती. “देव उठला! काकूंनी देव उठवला!” आधी एक बाई किंचाळली, मग सगळीकडून तोच ओरडा सुरू झाला. नदीला न भिणारी माणसं त्या दुरडीला भ्याली. कुणी गॅसची टाकी खांद्यावर घेतली, कुणी म्हातारीला पाठुंगळी मारलं, कुणी म्हशीचं दावं सोडलं नि स्वतःच तिच्यामागे पळालं. आदिनाथने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरं भरली. रतनबाई सगळ्यांत शेवटी निघाली. दोन्ही नातवंडं ओढत, छाती बडवत ती काकूंच्या मागे चालली होती. “काकू, काय केलं ओ हे! आमचं घर नवं हाय ओ!”

अंधार पडायच्या आत गल्ली मोकळी झाली. वर विहाराच्या हॉलची दारं वस्तीतल्या पोरांनी उघडून ठेवली होती. ज्यांनी वस्तीत कधी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं, त्यांनी त्या संध्याकाळी तिथे दोनदा चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलंही. काकू दुरडी घेऊन दाराशी थबकल्या.

“त्यो आत न्हाई आनायचा,” भामाबाई म्हणाली. “आमी ते सोडलंय.”

“म्या कुठं आत म्हनतेय? भाईर ठिवते.”

दोघींनी मिळून ती लिंबाखाली ठेवली आणि वरून ताडपत्रीचा तुकडा टाकला. वाटेत मडकं कलंडून धान आडवं झालं होतं.

पाणी तासाभरात आलं. पायऱ्या मोजायची वेळ आली नाही, कारण ते पायऱ्यांवरून आलंच नाही. काठ फोडून आडवं आलं. सकाळी वरून बघितलं तेव्हा खालच्या गल्लीत काकूंच्या घराच्या दोन भिंती उभ्या होत्या आणि रतनबाईचं घर कुठे होतं तेही ओळखू येत नव्हतं. खालच्या रानांतली काळी माती खरडून गेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. मेलेल्या शेळ्या कुंपणाला अडकल्या होत्या. माणूस मात्र एकही गेलं नाही. गावात नाही, वस्तीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी काकूंचे पाय धरले असतील. छे! हॉलमध्ये उजाडायच्या आतच निकाल लागला होता. घट हलला आणि पाणी आलं. आधी घट हलला, मग पाणी आलं. ह्यात समजायला अवघड काय आहे? रतनबाई भिंतीला टेकून मोठ्याने म्हणाली, “बसल्या असत्या तर परतलं असतं. मागं परतलं न्हवतं का?” आणि मोहनरावांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “म्या ठिव म्हनलं व्हतं. हिनंच ऐकलं न्हाई.” ज्यांची लेकरं तिथेच कोपऱ्यात झोपली होती त्या आयाही मान हलवत होत्या. ती लेकरं गल्लीत असती तर काय झालं असतं, एवढा साधा विचार कुणालाही शिवला नाही. असल्या वेळी माणसांचा भयंकर राग येतो, पण करता काय?

काकू एका शब्दाने भांडल्या नाहीत. त्यांना गल्लीचं म्हणणं पटलेलंच होतं. हो, आपण घट उठवला म्हणून पाणी आलं. पण ह्या खेपेला ते आपल्या घरी आलं, दुसऱ्या कुणाची पोर घेऊन गेलं नाही. पडलेल्या घराचा चिखल उपसताना त्यांना हलकं वाटत होतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. घर गेलेल्या बाईने हलकं वाटतंय म्हटलं तर लोकांनी तिला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं. वर्षभर गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवेनात, तरी त्या शांत झोपू लागल्या. भामाबाईच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू लागल्या.

गावाने त्या पुरातून एकच धडा घेतला: घट हलवायचा नाही. घरं पुन्हा त्याच जागी उभी राहिली. आदिनाथने रानात, गायरानाच्या कडेला पत्र्याची खोली टाकली आणि आईला तिथे नेलं. मोहनराव मात्र दोन भिंतींवर पत्रे घालून गल्लीतच राहिले. यंदा नवरात्र आलं तेव्हा गल्लीचा मानाचा घट रतनबाईच्या घरी बसला. तिने देवळात सगळ्यांसमोर शब्द दिला की मान तुटली तरी आपण उठणार नाही. टाळ्या पडल्या. आरतीला मोहनराव पुढे उभे होते.

आणि यंदाही पाऊस थांबला नाही.

पाचव्या माळेला दुपारी भोंगा पुन्हा फिरला. आदिनाथ नावेची सोय होते का बघायला गेवराईला गेला होता. काकू अनवाणी गल्लीत उतरल्या. लोक ओट्यांवर बसून रतनबाईच्या दाराकडे बघत होते, नदीकडे नाही. काकूंना बघताच त्यांनी तोंडं फिरवली.

रतनबाई देवघरात घटासमोर बसली होती. दोन्ही नातवंडं तिच्या दोन बाजूंना बसवली होती, नवे कपडे घालून.

“काकू, उंबऱ्याच्या आत पाय नगा टाकू,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “तुमच्या पायानं काय झालं ते समद्यांनी बगितलंय.”

“न्हाई टाकत. तू बस तुला बसायचं तर. लेकरं तेवढी दे माझ्याजवळ. सकाळच्याला आनून देते.”

“लेकरं कावून देऊ?” रतनबाईला खरोखरच नवल वाटलं. “लेकरं हायत म्हून तर देवी ऐकंल. ह्यायला बगून ती पानी आत येऊ देनार हाय का?”

काकू उंबऱ्यापासून मागे सरल्या. ही बाई दुष्ट नव्हती. नातवंडांवर तिचा जीव होता, आणि म्हणूनच तिने त्यांना घटापुढे बसवलं होतं. सुग्रीवला सांगून पाहिलं, तो म्हणाला, “घरातलं देवाचं ती बगती.” मोहनरावांनी तर काकूंना ओळखच दिली नाही.

मग त्या वस्तीकडे निघाल्या. चढ चढताना दम लागला, दोनदा चिखलात बसल्या. भामाबाई पडवीत ज्वारी निवडत होती. काकू धापा टाकत म्हणाल्या, “भामाबाई, तू चल. रतन उठत न्हाई. लेकरं घटापाशी घेऊन बसलीय. मला म्हनलीस तसं तिला म्हन.”

“काय म्हनू?”

“तेच. तू बसलीस तर देवी पानी दुसऱ्याच्या दारात टाकती म्हून. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटंल. मला पटलं न्हाई का?”

भामाबाईचा हात सुपात थांबला.

“बाई, तुमाला ते खरं वाटलं व्हय?”

“म्हंजे?”

“देवीनं काई टाकलं न्हाई कुनाच्या दारात. ओढ्याचा बांध कच्चा व्हता. त्यो फुटला आन् माझी पोर गेली. तुमी बसल्या काय आन् उठल्या काय, बांध फुटायचाच व्हता. हे मला त्याच दिशी ठावं व्हतं.”

काकू पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. “मंग मला तसं कावून म्हनलीस?”

“दुसऱ्या कशानं तुमी उठल्या असत्या का?” भामाबाईचा आवाज चिरकला. “पूर लई मोठा हाय म्हनलं, तर ऐकलं न्हाई. ओढा उलटा फिरला म्हनलं, तर ऐकलं न्हाई. मंग काय करावं मी? इतकी वर्सं तिचं नाव म्या तोंडातनं काडलं न्हवतं. घरात बी न्हाई. त्या दिशी तुमच्या देवापुडं जाऊन काडलं. मेलेली पोर कामाला लावली म्या, तुमच्या गल्लीपायी. आन् गल्ली म्हनती, बाईनं घट हलवला म्हून पानी आलं.”

काकूंना काय वाटलं ते एका शब्दात सांगता येणार नाही. वीस वर्षं उरावर घेतलेला गुन्हा त्यांचा नव्हता, हे कळल्यावर माणसाने सुटकेचा श्वास सोडायला हवा. पण त्याच श्वासाबरोबर गेल्या वर्षाचं समाधानही गेलं. देवीने त्यांचं तेव्हाही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती ना त्यांच्यावर प्रसन्न झाली होती, ना कोपली होती. नदी नुसती आली होती आणि गेली होती, आणि आता पुन्हा येत होती. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

“तरी चल,” त्या कशाबशा म्हणाल्या. “खोटं तर खोटं. लेकरं वाचतील.”

“म्हनून बगीन,” भामाबाई म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. “पन रतनला काय त्याचं? तुमाला पोरीचं लागलं, कारन तुमच्या मनात ती आधीच व्हती. रतनच्या मनात कोन हाय? तिला उठवायला माझ्याजवळ दुसरी पोर न्हाई, बाई.”

तरीही दोघी निघाल्या. उतारावर भामाबाईने काकूंचा दंड धरला होता. नदी आता डाव्या हाताच्या उसात शिरली होती. वाऱ्याशिवाय ऊस हलताना दिसत होता. दरडींचे आवाज थांबले होते, पडायला काठच राहिला नव्हता. सवयीने काकूंचे हात जोडले गेले, आणि काय मागायचं ते त्यांना सुचेना.

गल्लीत ओट्यांवर कुणी नव्हतं. सगळे रतनबाईच्या घरात जमले होते आणि दाराला आतून कडी होती. आरती चालू होती, टाळ्या जोरात पडत होत्या. मोहनरावांचा आवाज सगळ्यांच्या वर लागला होता आणि त्यात लहान लेकरांचे आवाजही ऐकू येत होते. भामाबाईने हाका मारल्या. काकूंनी दोन्ही हातांनी दार वाजवायला सुरुवात केली. आतल्या लोकांना ते ऐकू आलं असावं, कारण टाळ्या आणखी जोरात पडू लागल्या. दोघींच्या पावलांना गार लागलं. काकूंनी खाली पाहिलं नाही. त्या दार वाजवत राहिल्या.